खडखडीचा बंदोबस्त

"मी कोल्हापूरची बदली घेतलीय आणि आता परत येणार नाहीये," स्टँडकडे जाताना शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली. महिन्याभरात ती हे तिसऱ्यांदा सांगत होती. आधीच्या दोन्ही वेळी याच गाडीची दारं इतकी खडखडत होती, की "काय म्हणालीस?" असं विचारून मला पुढे रस्त्याकडे बघता आलं होतं.

काल रविवारी मी एक व्हिडिओ बघून चारही दारांच्या पोकळीत फुगणारा फोम भरला. बारा वर्षांची खडखड तासाभरात संपली. त्यामुळे आज तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.

"आवाज किती कमी झालाय ना?" मी विचारलं.

"झालाय," ती म्हणाली. "अहो, पण मी चाललेय."

निघताना जोर लावून बंद केलेलं तिचं दार स्टँडवर उघडेना. फोम फुगत फुगत लॉकमध्ये शिरला होता आणि तिथेच वाळून घट्ट बसला होता. काचही खाली होईना. माझं दार तेवढं उघडलं. मी उतरलो, आणि ती गिअर ओलांडून, माझ्या सीटवरून सरकत बाहेर आली. हँडब्रेकला अडकलेली तिची ओढणी मी सोडवून दिली. इतके जवळ आम्ही बऱ्याच दिवसांत आलो नव्हतो.

"अख्खं दारच बदलावं लागणार," मी म्हणालो.

"कशाला? त्या बाजूला आता बसणार कोण?"

मुद्दा बरोबर होता. मी मान डोलावली आणि डिकीतून तिच्या दोन्ही बॅगा काढून दिल्या.