पुस्तकातली खूण

फादर एसटीनं कळंबला येणार म्हटलं की फिलोमिनाबाईचा जीव टांगणीला लागायचा. त्यांची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, लॅटिनमधली. मन मोकळं होईल अशी मराठी प्रार्थना मात्र समोरच्या प्रोटेस्टंट पाळकीणबाईंच्या पुस्तकात. “त्यांची पुस्तकं घरात नकोत,” असं फादरांनी बजावलेलं. या खेपेलाही तिनं उसनं पुस्तक घाईघाईनं परत दिलं, आणि मिस्सेत गुडघे टेकल्यावर तिला आठवलं: खुणेला ठेवलेलं मरियामातेचं चित्र आतच राहिलं. पाळकाच्या घरात तसबीर म्हणजे मूर्तिपूजा. पुस्तक गेलं, शेजारही गेला. फादर चार दिवस होते. तिच्या भाकरी करपत राहिल्या. ते गेले त्या संध्याकाळी पाळकीणबाईच दारात आल्या. पदराखालून पुस्तक काढून म्हणाल्या, “गेले न्हवं? घ्या.” तिनं उघडलं. चित्र होतं, पण बऱ्याच पुढच्या पानात. “वाचा तुमी, पर तिला हलवू नका. माझं तिथवर वाचून झालंय.”