गैरहजेरीचा फोन

"छोट्यांचा गट कुणी आपणहून मागत नाही," युवा केंद्राच्या बाई म्हणाल्या. "तुला तोच का हवा?"

"आवडतात मला."

एवढंच. मुलगी सोळा वर्षांची. कमी बोलते म्हणून केंद्रात तिला सगळे अबोली म्हणत.

बाईंनी अशी पोरं पुष्कळ पाहिली होती. गटप्रमुख व्हायला कुणी प्रमाणपत्रासाठी येतं, कुणी गळ्यातल्या शिट्टीच्या रुबाबासाठी, कुणी शेजारच्या गटातल्या कुणासाठी. सेवेची हौस सगळ्यांनाच असते, मुलाखत संपेपर्यंत. ही मात्र कुठल्याच खात्यात बसेना. घरी कोण, असं विचारलं तर आई, म्हणाली. वडील घरी नसतात. बाईंनी पुढे खोदलं नाही.

त्यांनी कामं सांगितली. खेळ घ्यायचे, भांडणं सोडवायची, आणि मूल आलं नाही तर घरी फोन करून चौकशी करायची. हे शेवटचं काम बाकीचे गटप्रमुख टाळत. पालकांची बोलणी कोण खाणार?

"केंद्राच्याच फोनवरून ना?" अबोलीनं विचारलं.

"हो गं, तुझा खर्च नाही व्हायचा," बाई हसल्या.

ती कामाला लागली. नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या. ढोल्या नावाचा एक गुबगुबीत पोरगा तिचा हात सोडत नसे. पहारेकरी चिडवायचा, दोघांचे कान बघा, सुपं नुसती, एकाच कारखान्यातला माल. ती केस कानांवर ओढून घ्यायची.

इतरांच्या घरचे फोन ती झटपट उरकायची. ढोल्या मात्र एक दिवस चुकवेल तर शपथ. सोमवारपासून गटप्रमुखांचे गट बदलणार, असं बाईंनी जाहीर केलं, तेव्हा तिनं पहिल्यांदाच विनवणी केली. बाईंनी ऐकलं नाही.

शुक्रवारी ढोल्या आला नाही.

अबोलीनं तळवा कपड्याला पुसला आणि फोन लावला. काय ही तळमळ, बाईंना वाटलं. पलीकडे पुरुषाचा आवाज होता. ती सावकाश बोलली, एकेक शब्द सुटा करून. त्यानं सांगितलं, अंगात ताप आहे, दोन दिवसांत पाठवतो.

"तूच का ती? घरी सारखं ताई-ताई चालू असतं त्याचं."

"हो. मीच."

तिनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"गुणाची पोर आहेस," तो म्हणाला. "आईवडिलांना नमस्कार सांग माझा. वळण छान लावलंय त्यांनी."

"आईला सांगते, बाबा," अबोली म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.