पोटातली परकी

दिगंबरने खरवसाची दुसरी वडी तोंडात टाकली. "पोट अगदी शांत आहे बघ!"

"असणारच. प्रमिलाचे जंतू आहेत ना!" सुलक्षणा फणकारली.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी ऑफिसातल्या प्रमिलाच्या पोटातले, दूध पचवणारे जंतू त्याच्या पोटात सोडले होते. तेव्हापासून दुधाने होणारे जुलाब थांबले होते.

"बावीस वर्षं नारळाच्या दुधाची खीर मी केली, आणि जंतू मात्र तिचे? बायकोचे का नाही चालले?"

"आधी तुझेच तपासले गं. दूध पचवणारे उरलेच नव्हते. माझ्यासाठी तूही दूध सोडलंस ना?"

सुलक्षणाने ताटली ओढली आणि उरलेला खरवस भराभर खायला लागली.

"अगं, कळा येतील!"

"येऊ देत. माझ्या स्वतःच्या तरी असतील!"