चित्र सात
कारखान्याला आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स त्याने बनवला, तेव्हा तिथल्या टेलिफोनवर बसणाऱ्या अंध मावशींनी एकदाच तक्रार केली होती. “टॅबचं बटण दाबत दाबत मागच्या दाराच्या धड्यापर्यंत येते, तर मला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसता ‘चित्र सात’ म्हणून गप्प बसतो.” “चित्रात बाण काढलाय ना मावशी, हिरवागार! पुढच्या खेपेला शब्दांत लिहितो,” म्हणत त्याने वेळ मारून नेली. आज भरदुपारी त्याचा फोन वाजला. मागे भोंगा केकाटत होता. “सगळ्या खात्यांना फोन करून बाहेर काढलं,” मावशी खोकत म्हणाल्या, “आता मीच राहिलेय. पुढच्या दारात धूर आहे. तुझा बाण कुठे जातो रे?” त्याने चित्र सात उघडलं. “डावीकडे, मावशी!” “माझ्या खोलीतून डावीकडे?” त्याने पुन्हा पाहिलं. चित्रात मावशींची खोलीच नव्हती.