ज्येष्ठमध

भजनी मंडळाच्या तालमीला कुमुद आली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. आवाज उतरलाय असं सांगून निर्मलावहिनींनी तिला दोन वर्षांपूर्वी मागे बसवलं होतं.

“कुमुद, तू मागे बसतेस ना?” निर्मलावहिनींनी विचारलं.

“माझ्या आवाजाला काही झालं नव्हतं, वहिनी. तोंडाला वास येत होता. दातांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं.”

बायकांनी माना खाली घातल्या. एकीलाही नवल वाटलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

“दात घासताना रक्त यायचं, ते मी अंगावर काढलं, ती चूक माझी. पण आवाज सुधारावा म्हणून मी घरी ज्येष्ठमध चघळत बसले, आणि इकडे हिरड्या सडत गेल्या. डॉक्टरांनी दात साफ केले, रात्री झोपतानाही घासायला लावले, तेव्हा रक्त थांबलं. दोन दाढा मात्र गेल्या. आधी आला असतात तर वाचल्या असत्या, म्हणाले.”

निर्मलावहिनी हळूच म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं गं.”

“वाटलं असतं. चार दिवस रडले असते. पण दाढा तोंडात असत्या.”