सहासष्ट आणि सदुसष्ट
परत आलेल्या पुस्तकाची सहासष्ट आणि सदुसष्ट ही पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली. फाडल्याशिवाय ती वाचताच येत नव्हती. तरी आतल्या चिठ्ठीवर ‘वाचलं’ म्हणून एकोणीस मुलांच्या सह्या होत्या. प्रत्येक सहीला ग्रंथपालबाईंनी फलकावर तारा चिकटवला होता. शेवटची सही त्यांच्याच लेकीची. सर्वाधिक तारे तिचे, आज बक्षीसही तिलाच. लेक समोरच होती. “हे वाचलंस?” “मागचं कव्हर वाचलं, आई. सगळे तेच करतात.” “पूर्वी जेवतानाही पुस्तक सुटायचं नाही तुझं.” “तेव्हा तारे नव्हते.” दोन वर्षं शंका येऊनही बाई गप्प राहिल्या होत्या, कारण ताऱ्यांची योजना त्यांचीच होती. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. “चला बाई, सभागृह भरलंय.” “सर, आज बक्षीस कुणालाच नको. ही योजना मी बंद करतेय.”