गाळलेलं कडवं

हरिओम कॉलेजात असल्यापासून रॅप लिहीत आला. लातुरात मित्राच्या गॅरेजात रेकॉर्डिंग करायचं आणि टोपणनावानं मोबाइलवर सोडून द्यायचं, यातच त्याची दाढी पांढरी व्हायला लागली. निलंग्याच्या घरी यातलं कुणालाच काही ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. यंदा पहिल्यांदाच मोठं स्टेज मिळालं. दिवे लागले, आणि पहिल्याच रांगेत आई आणि बाबा बसलेले दिसले.

लोक ज्या गाण्यासाठी आले होते, त्याच्या शेवटच्या कडव्यात बाबा आईला कसे मारायचे ते सगळं होतं. पोरं त्याच कडव्यासाठी ओरडत राहिली, पण हरिओमनं ते गाळलं आणि घाईघाईनं खाली उतरला.

बाबा पाणी प्यायला गेले तसं आईनं त्याला बाजूला ओढलं. "शेवटचं का म्हणला न्हाईस रे?"

"आई, बाबा समोरच बसल्याले होते की!"

"मग? तेच ऐकवायला तर धरून आणलं होतं म्या त्यायला."